पौलाचे वचन आणि पंतप्रधानांचे प्रवचन

स्कॉटलंडची राजधानी एडिनबर्ग ह्या नगरीच्या मध्यभागी 'माऊंड' नावाचा एक उंचवटा आहे. तो निसर्गाने घडविलेला डोंगर नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे नवे शहर वसविले जात असता घरांच्या पायांतून निघालेली माती वर्षानुवर्षे एके ठिकाणी टाकली गेली आणि तिचाच हा भराव झाला. ह्या उंचवट्यावर एक भव्य सभागृह उभे आहे. १८४३ साली मूळ राष्ट्रीय चर्चमधून फुटून निघालेल्या 'फ्री चर्च'ने ते बांधले. १९२९ साली ही दुफळी बऱ्याच अंशी मिटली आणि सभागृह चर्च ऑफ स्कॉटलंडकडे आले. आपणा मराठी माणसांचेही ह्या फ्री चर्चशी एक दूरचे नाते आहे. १८२९ साली मुंबईस येऊन मराठी शिकलेले आणि ज्यांचे नाव आजही गिरगाव चौपाटीसमोरील महाविद्यालय मिरविते, ते डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८७० साली फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्षपद भूषविले होते.

ह्याच सभागृहात २१ मे १९८८ रोजी, शनिवारी, ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान श्रीमती मार्गारेट थॅचर ह्यांनी चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे भाषण केले. भाषण कसले, प्रवचनच ते! प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनाला इंग्रजीत 'सर्मन ऑन द माऊंट' म्हणतात. त्यावर कोटी करून वृत्तपत्रांनी पंतप्रधानांच्या भाषणाचे 'सर्मन ऑन द माऊंड' असे बारसे केले आणि तेच नाव इतिहासात रूढ झाले. राज्यकर्त्याने पवित्र शास्त्राचा आधार घ्यावा काय, घेतला तर तो कसा घ्यावा, आणि ऐकणाऱ्यांनी तो कसा ऐकावा, ह्या प्रश्नांचा विचार करावयाचा झाल्यास ह्या घटनेइतके बोलके उदाहरण अलीकडच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

वक्त्या आणि त्यांचा काळ

श्रीमती थॅचर ह्यांच्या धर्मश्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांचा जन्म १९२५ साली ग्रॅन्थम ह्या गावी एका किराणा दुकानदाराच्या घरी झाला. वडील आल्फ्रेड रॉबर्ट्स हे मेथॉडिस्ट पंथातील प्रापंचिक उपदेशक होते. दुकानाच्या गल्ल्यावर काटकसर आणि प्रार्थनामंदिरात शास्त्रवाचन, असे दुहेरी संस्कार मुलीवर झाले. शास्त्रवचन त्यांच्या ओठांवर सहज येत असे, ह्याचे मूळ ह्या बालपणात आहे.

तथापि सहज ओठांवर येणारे वचन नेहमी आपल्या मूळ अर्थानेच येते असे नाही. ४ मे १९७९ रोजी पंतप्रधानपदाची सूत्रे हाती घेताना निवासस्थानाच्या दारात उभ्या राहून त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसची म्हणून एक प्रार्थना उद्धृत केली. ती प्रार्थना आपल्याही चर्चमध्ये प्रिय आहे. परंतु ती संत फ्रान्सिसची नव्हे. १९१२ साली पॅरिसमधील एका छोट्या भक्तिपर मासिकात ती प्रथम छापली गेली, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. पुढे जानेवारी १९८० मधील एका दूरदर्शन मुलाखतीत त्यांनी दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याचा उल्लेख केला. त्या शोमरोन्यापाशी नुसता सद्भाव असता तर त्याची आठवण कोणी ठेवली नसती, त्याच्यापाशी पैसाही होता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे विधान अगदीच खोटे नाही. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकास दोन दीनार दिले, असे संत लूक सांगतो. पण त्याच वाटेने आधी गेलेला याजक आणि लेवी हे निर्धन होते म्हणून पुढे निघून गेले, असे मात्र लूक म्हणत नाही. त्यांच्यापाशी जे नव्हते ते कळवळ्याचे हृदय. दाखल्याचा भार ज्या शब्दावर आहे, तो शब्द बाजूला राहिला आणि दोन दीनार तेवढे पुढे आले.

१९८८ सालचा ब्रिटन कसा होता हेही ध्यानात घेतले पाहिजे. देशातील बेकारांची संख्या १९८२ साली तीस लाखांच्या पुढे गेली होती. स्कॉटलंडमध्ये लिनवूड येथील मोटारींचा मोठा कारखाना १९८१ साली बंद पडला. १९८४-८५ साली खाणकामगारांचा प्रदीर्घ संप होऊन मोडला. डिसेंबर १९८५ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी ह्यांनी नेमलेल्या आयोगाने 'फेथ इन द सिटी' हा अहवाल प्रसिद्ध केला. शहरांतील दारिद्र्याचे भेदक चित्र त्यात होते. नाव न सांगता बोलणाऱ्या एका मंत्र्याने तो अहवाल मार्क्सवादी ठरवून मोकळे व्हावे, इतकी कटुता सरकार आणि चर्च ह्यांच्यात आली होती. जून १९८७ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने देशात बहुमत मिळविले खरे, पण स्कॉटलंडमधील ७२ पैकी अवघ्या १० जागा त्याच्या वाट्याला आल्या. मार्च १९८८ च्या अंदाजपत्रकात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ६० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणला गेला. श्रीमंतांना मिळालेली ही सवलत ताजी असतानाच पंतप्रधान एडिनबर्गला आल्या.

भाषणात काय होते

त्या भाषणाचा सारांश प्रामाणिकपणे द्यावयाचा तर त्यातील चांगले तेही सांगितले पाहिजे. आपण राजकारणी म्हणून तसेच एक ख्रिस्ती व्यक्ती म्हणून बोलत आहोत, असे त्यांनी प्रारंभीच स्पष्ट केले. माणसाला बऱ्यावाइटाची निवड करण्याचा अधिकार देवाने दिला आहे, माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाल्यामुळे ती निवड त्याने आपल्या बुद्धीने करावयाची आहे, आणि प्रभू येशूने आपला प्राण स्वेच्छेने अर्पण केला, हे त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ती श्रद्धेचे विशेष. कोणत्या राजकीय वा सामाजिक संस्था असाव्यात हे पवित्र शास्त्र सांगत नाही आणि त्याबाबत ख्रिस्ती माणसांत प्रामाणिक मतभेद असू शकतात, हेही त्यांनी मान्य केले. संपत्ती निर्माण करणे हे पाप नव्हे, पैशासाठी पैशावर प्रेम करणे हे पाप, असा भेद त्यांनी केला. ह्यातील पुष्कळसा भाग कोणत्याही धर्मगुरूला मान्य होण्यासारखा आहे.

परंतु सभेच्या कानांत जे रुतून बसले ते दुसरेच. माणसाने काम करून, आपल्या अंगच्या गुणांचा उपयोग करून संपत्ती निर्माण केली पाहिजे, असे सांगताना त्यांनी संत पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील वचनाचा आधार दिला. ज्याला काम करावयाचे नाही त्याने जेवूही नये, अशा आशयाचे ते वचन आहे. त्यापुढे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचाही दाखला आला: जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. राज्यसंस्थेचा हस्तक्षेप आणि करांचा बोजा व्यक्तीची जबाबदारी हिरावून घेण्याइतका वाढता कामा नये, हा निष्कर्ष मग ओघानेच आला.

भाषण संपल्यावर महासभेचे अध्यक्ष प्रा. जेम्स व्हाइट ह्यांनी पंतप्रधानांचे आभार मानले आणि त्यांच्या हाती चर्चने तयार केलेले अहवाल ठेवले. एक घरांच्या प्रश्नावरचा, एक दारिद्र्यावरचा. आवाज चढला नाही, सौजन्य सुटले नाही. सभागृहाला जे कळावयाचे ते कळले. वचनाला प्रतिवचनाने उत्तर देण्याचा मोह व्हावा अशीच ती वेळ होती. श्रीमंत माणूस आणि लाजर ह्यांचा दाखला, आमोस संदेष्ट्याचे खडे बोल, हे सारे त्या सभेतील प्रत्येकाला पाठ होते. तो मोह टाळून अध्यक्षांनी शेजाऱ्याची प्रत्यक्ष स्थिती पंतप्रधानांच्या हाती दिली. शास्त्रवचन वाचावयाचे ते ह्या कागदांच्या शेजारी ठेवून, हा त्या कृतीचा अर्थ.

एका वचनाची भ्रमंती

ज्या वचनाभोवती हा प्रसंग फिरला त्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. राजकारणाच्या सेवेत ते काही १९८८ साली प्रथम रुजू झाले नाही. १६०८-०९ च्या सुमारास अमेरिकेतील जेम्सटाऊन ह्या उपासमारीने गांजलेल्या इंग्रज वसाहतीचा कारभार कॅप्टन जॉन स्मिथ ह्यांच्याकडे होता. शेतीकामास हात न लावणाऱ्या खुशालचेंडू मंडळींना त्यांनी हाच नियम ऐकविला. मात्र आजारपणामुळे जे अपंग झाले त्यांना त्यांनी नियमातून वगळले.

ह्याहून मोठे आश्चर्य पुढेच आहे. निरीश्वरवादी लेनिन ह्यांनी १९१७ साली लिहिलेल्या 'राज्य आणि क्रांती' ह्या ग्रंथात हेच सूत्र समाजवादाचे तत्त्व म्हणून स्वीकारले. जुलै १९१८ मध्ये संमत झालेल्या सोव्हिएत रशियाच्या संविधानातील अठराव्या कलमात आणि पुढे १९३६ च्या सोव्हिएत संघाच्या संविधानातील बाराव्या कलमात ते प्रविष्ट झाले. ज्या राजवटीने चर्चेस बंद केली, धर्मगुरूंना बंदिवासात टाकले, तिच्या संविधानात संत पौलाचे वाक्य! लेनिन ह्यांचा रोख होता बसून खाणाऱ्या जमीनदार-भांडवलदारांवर. एडिनबर्गच्या श्रोत्यांना तोच रोख बेकारांवर असल्यासारखे वाटले. एकच बाण, पण नेम अगदी विरुद्ध दिशांना.

सोव्हिएत संविधानात शिरताना त्या वचनातील एक शब्द गळून पडला. संत पौलाने 'काम करीत नाही' असे म्हटलेले नाही, 'काम करू इच्छीत नाही' असे म्हटले आहे. मूळ ग्रीक वाक्यात इच्छेचे क्रियापद स्पष्ट आहे. श्रीमती थॅचर ह्यांनी तो शब्द गाळला नव्हता, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण ज्या सभेपुढे त्या बोलत होत्या तिच्यातील अनेकांच्या पॅरिशमध्ये कारखान्याचे दार बंद झाल्यामुळे घरी बसलेली माणसे होती. त्यांच्याजवळ इच्छा होती, काम नव्हते. अशांच्या कानी हे वचन पडले की 'इच्छा' हा शब्द उच्चारूनही न उच्चारल्यासारखाच होतो.

पानावरचे पुढचे-मागचे

आता ते पत्रच उघडून पाहू. थेस्सलनीका येथील श्रद्धावंतांत प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे अशी आवई उठली होती. मंडळीतील काही लोक कामधंदा न करता इतरांच्या उठाठेवी करीत फिरत होते आणि भाकर मात्र इतरांच्या ताटातली खात होते. त्यांना उद्देशून पौल लिहितो. लिहिण्यापूर्वी तो स्वतःचे उदाहरण समोर ठेवतो: आपण कोणाची भाकर फुकट खाल्ली नाही, कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस राबलो. ही बढाई नव्हे. करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरी राहून तो तंबू करण्याचा धंदा करीत असे, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. हाताला घट्टे पडलेल्या माणसाने आपल्याच पंगतीतल्या आळशी भावाला दिलेली ती कानउघाडणी आहे. संपत्ती निर्माण करण्याविषयी त्या उताऱ्यात एक अक्षर नाही. दुसऱ्यावर भार होऊ नये एवढीच त्याची चिंता आहे.

तीमथ्याच्या पत्रातील वचनाचीही तीच कथा. पाचव्या अध्यायात पौल विधवांविषयी सांगत आहे. ज्यांना मुले-नातवंडे आहेत त्यांचा सांभाळ घरच्यांनी करावा, असे तो बजावतो. कशासाठी? मंडळीवर भार पडू नये आणि जिला खरोखर कोणी नाही अशा विधवेला मंडळीने आधार द्यावा, ह्यासाठी. तेथे विधवांची यादी करण्याचा उल्लेख आहे. म्हणजे कुटुंबाची जबाबदारी सांगणारे वचन निराधारांसाठी केलेल्या सामाईक तरतुदीच्या मधोमध उभे आहे. भोवतालची भिंत पाडून एकटी वीट उचलली की तिने काय वाटेल ते बांधता येते.

ह्याच वचनाचा उपयोग आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेनेही केला आहे आणि तुलनेसाठी तो पाहण्यासारखा आहे. १४ सप्टेंबर १९८१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी मानवी श्रमावरील आपले 'लाबोरेम एक्झर्चेन्स' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यात श्रमाचे माहात्म्य सांगताना संत पौलाचे हे वचन त्यांनी आधाराला घेतले आहे. पण त्याच परिपत्रकात बेकारी ही एक आपत्ती असल्याचे आणि बेकारांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या निर्वाहाची तरतूद करणे हे कर्तव्य असल्याचेही ते ठामपणे सांगतात. जगण्याच्या हक्कातूनच हे कर्तव्य उद्भवते, अशी त्यांची मांडणी आहे. ह्या परमगुरूंनी तरुणपणी, जर्मन अंमलाखालील पोलंडमध्ये, दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती, हेही विसरता येत नाही. श्रमाची आज्ञा आणि श्रमिकाचा हक्क एकाच हाताने लिहिलेला तेथे आढळतो.

निधर्मी समाजातील शास्त्रवचन

मग प्रश्न असा की, ज्या समाजात चर्चचे बाक वर्षागणिक रिकामे होत चालले आहेत तेथे राजकारणी पवित्र शास्त्राकडे वळतात तरी का? इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे ४६.२ टक्के भरले, म्हणजे प्रथमच निम्म्याहून कमी. स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत ५१.१ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदविले. तरीही डिसेंबर २०११ मध्ये, किंग जेम्स बायबलच्या चारशेव्या वर्षानिमित्त ऑक्सफर्ड येथे बोलताना, तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून ह्यांनी ब्रिटन हा ख्रिस्ती देश आहे आणि तसे म्हणण्यास भिऊ नये असे सांगितले. श्रद्धा ओसरली तरी शास्त्राच्या भाषेचा दरारा काही काळ मागे उरतो. ओढ्याचे पाणी आटले तरी घाटाच्या पायऱ्या राहतात, तसे हे आहे.

आणि नेमका येथेच धोका आहे. जेथे शास्त्र नित्य वाचले जाते तेथे दहावी ओवी ऐकताच नववी आणि अकरावी आपोआप आठवते. जेथे ते वाचनच सुटले तेथे वचन सुभाषित होऊन बसते. त्याचा मागचा-पुढचा संबंध विचारणारा कोणी उरत नाही आणि वक्ता त्याचा स्वामी बनतो. म्हणजे शास्त्राचा राजकीय गैरवापर श्रद्धाळू समाजापेक्षा शास्त्र विसरलेल्या समाजात अधिक सुकर असतो. एडिनबर्गच्या महासभेत तो साधला नाही, कारण तेथे बसलेल्या धर्मोपदेशकांनी आणि वडीलजनांनी ते पान संपूर्ण वाचलेले होते. त्यांनी भाषण शांतपणे ऐकून घेतले, पण वचनाची मालकी मात्र सोडली नाही.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १ एप्रिल १९८९ पासून, इंग्लंड-वेल्सच्या एक वर्ष आधी, स्कॉटलंडमध्ये डोईपट्टी लागू झाली. मालक आणि मोलकरीण ह्यांना जवळपास सारख्याच भावाने मोजणाऱ्या ह्या कराविरुद्ध असंतोष भडकला. नोव्हेंबर १९९० मध्ये श्रीमती थॅचर ह्यांना पायउतार व्हावे लागले. १९९७ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला स्कॉटलंडमध्ये एकही जागा मिळाली नाही. ह्या सर्वांचे कारण ते एक भाषण होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण राज्यकर्ते आणि प्रजा ह्यांच्यातील दरी त्या दिवशी सर्वांना दिसली, एवढे खरे. १९९९ साली स्कॉटलंडची नवी संसद अस्तित्वात आली तेव्हा तिची स्वतःची इमारत तयार होईपर्यंत, २००४ पर्यंत, ती माऊंडवरील त्याच सभागृहात भरत होती.

राजकारण्याने शास्त्राचे नावच घेऊ नये, असा धडा ह्यातून काढणे चुकीचे होईल. ज्याची श्रद्धा आहे त्याने ती सभेच्या दाराबाहेर काढून ठेवावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे आणि दंभाला आमंत्रण देणारेही आहे. कसोटी निराळी आहे. वचन उच्चारणारा ते आधी स्वतःस लावतो की केवळ दुसऱ्यास? पौलाने ते आधी स्वतःस लावले आणि मगच इतरांना ऐकविले. ही कसोटी व्यासपीठावरील वक्त्याला जशी लागू आहे तशी घरातल्या वडिलधाऱ्यांना, पॅरिशच्या पुढाऱ्यांना आणि लेखणी हाती धरणाऱ्यांनाही आहे. दुसरी कसोटी ऐकणाऱ्यांची. कोणीही वचन ऐकविले की घरी येऊन तो अध्याय शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट आपण घेतो काय?

थेस्सलनीकाकरांस लिहिलेला तो अध्याय शेवटपर्यंत वाचला तर दोन गोष्टी आढळतात. दहाव्या ओवीनंतर अवघ्या तीन ओव्यांवर संत पौल आपल्या बंधूंना सांगतो की, चांगले करताना तुम्ही थकू नका. आणि पंधराव्या ओवीत, जो हे ऐकणार नाही त्याच्याविषयी तो बजावतो की, त्याला वैरी समजू नका, भाऊ समजून समजावा. म्हणजे ज्याची भाकर पौलाने क्षणभर अडविली होती तो आळशी माणूसदेखील अध्याय संपेपर्यंत भाऊच राहिला आहे.